पीच की पिस्ता

रविकिरणच्या मोबाईलवर शिवांगीचे फोटो आले तेव्हा तो शिकवणी वर्गाच्या जिन्यात उभा होता. साडेतीनची बॅच सुटत होती, चारची आत घुसत होती, आणि लातुरातल्या सगळ्या शिकवण्यांच्या जिन्यांत या वेळेला जी रेटारेटी असते ती इथंही चालली होती. कठड्याला पाठ लावून त्यानं फोटो मोठे केले. लग्नाची दोन स्टेज होती. दोन्हींच्या मागं फुलांची भिंत, पुढं मखमली खुर्च्या. खाली शिवांगीनं लिहिलं होतं, 'पहिलं पीच. दुसरं पिस्ता. कोणतं आवडलं सांगा ना. फुलवाल्याला आज कळवायचंय.'

त्यानं फोटो सरकवला, परत आणला, परत सरकवला. दोन्ही भिंती त्याला एकाच रंगाच्या दिसत होत्या, ताकात भिजवलेल्या पिठासारख्या. फरक होता तो फक्त खुर्च्यांच्या पाठींत. एक गोल होती, एक चौकोनी.

"सर, आज इंटिग्रेशन का?" एका मुलीनं जाता जाता विचारलं.

"हाव. बसा वर, आलोच," तो म्हणाला आणि ते दोन्ही फोटो त्यानं अंजूअक्काला पाठवून दिले. 'लवकर सांग.'

अंजूअक्का त्याची थोरली बहीण. लातुरातच दिलेली. घरी बसून नवऱ्या मुलींच्या ब्लाउजांवर आरीचं काम करायची, त्यामुळं रेशमाच्या शंभर छटा तिला तोंडपाठ. तीन मिनिटांत उत्तर आलं. 'पीच. उन्हाळ्यात पिस्ता वाळलेल्या गवतावाणी दिसंल. तिला म्हण, शालूच्या काठाशेजारी पीच उठून दिसतंय.' रविकिरणनं त्यातलं 'तिला म्हण' तेवढं काढलं, भाषा जरा सरळ केली, शिवांगीला धाडून दिलं आणि मार्कर घेऊन वर्गात शिरला.

असं महिनाभर चाललं होतं.

रविकिरणला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. पिवळा कळायचा, निळा तर लांबून कळायचा. पण लाल, हिरवा, तपकिरी, शेंदरी, गुलाबी हे सगळे रंग त्याच्या डोळ्यांपुढं येईपर्यंत एकमेकांत कालवले जायचे. शाळेत चित्रकलेच्या तासाला त्यानं झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर तो खडूंवरच्या कागदाची नावं वाचून रंगवायला शिकला. कागद फाटला की त्या खडूला हात लावायचा नाही. आणि कुणी विचारलं की सांगायचं, मला चित्रकला आवडतच नाही.

बाविसाव्या वर्षी त्यानं रेल्वेच्या लोको पायलटची लेखी परीक्षा दिली, पासही झाला. त्याचे वडील ईश्वरप्पा, त्यांचं गंजगोलाईच्या बाजारात किराणा दुकान, त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवला. मग डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढं धरलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला होता, आणि आकड्यांत ज्याचा हात अख्ख्या कॉलेजात कुणी धरला नव्हता त्या रविकिरणला एका पानावरचा तेवढा आकडा दिसला. घरी येऊन त्यानं सांगितलं, यादी लहान लागली, नंबर हुकला. खरं काय ते फक्त अंजूअक्काला माहीत होतं, तेही तिनं आठवडाभर खोदून खोदून विचारलं म्हणून.

पुढं तो गणित शिकवायला लागला आणि त्यात रमला. पांढऱ्या फळ्यावर फक्त काळ्या मार्करनं लिहायचा. पोरांना वाटायचं, ती सरांची स्टाइल आहे.

मग नांदेडचं स्थळ आलं. शिवांगी रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिचे वडील शिवकुमार यांचं नांदेडला बी-बियाणांचं दुकान. मूळचे नायगावकडचे, लिंगायतच, ओळखीपाळखीतले. मुलगी बघायला गेले त्या दिवशी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं, तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न टाकला होता, "तुम्हाला राग लवकर येतो का?"

"उशिरा येतो," तो म्हणाला होता, "आणि आला तरी कुणाला कळत नाही."

"मग तर अवघडच हाय," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात बाकी सगळं बोलणं झालं, डोळ्यांचं सांगायचं राहून गेलं. साखरपुडा झाल्यावर सांगायचं म्हणजे आधी लपवलं होतं हेही सांगायला लागणार, म्हणून ते आणखीच राहिलं. लग्न वैशाखात नांदेडला ठरलं आणि फुलांचे रंग सुरू झाले.

कमानीला अबोली की शेंदरी. खुर्च्यांच्या मागं मोतिया की बदामी. शिवांगी विचारायची, अंजूअक्का निवडायची, रविकिरण कळवायचा. आणि शिवांगी दिवसेंदिवस खूश होत चालली होती. 'तुमची नजर किती बारीक हो,' तिनं एकदा लिहिलं. 'आमच्या लॅबमधल्या मैत्रिणी म्हणतेत, त्यांच्या नवऱ्यांना पोपटी आणि मेंदी एकच वाटतंय.' रविकिरणनं ते तीनदा वाचलं. बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. दोन बॅचांच्या मधल्या पंधरा मिनिटांत तो पूर्वी खुर्चीत बसून चहा प्यायचा. आता चहाचा कप हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचा आणि चहा निवून जायचा. फळ्यावर वजाच्या जागी अधिक लिहायला लागला. "सर, साइन चुकली," असं पोरं आठवड्यात चारदा म्हणाली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

मग शिवांगीचा फोनच आला. "रविवारी नांदेडला या. पप्पांनी बजरंगभाऊंना, फुलवाल्यांना, सांगून ठेवलंय. फोटोत रंग फसवतेत. खरी फुलं समोर ठेवून एकदाच काय ते ठरवू. तुमच्या नजरेवर सोडलंय मी सगळं."

तो तडक अंजूअक्काकडं गेला. ती भरतकामाच्या लाकडी अड्ड्याला ताणलेल्या कापडावर वाकून मणी टाचत होती.

"मी संग येऊ का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"येऊन काय सांगशील? नवरदेवाची बहीण फुलं बघायला कशाला?"

"मग फोटो काढून धाड. मी फोन हातात घेऊन बसते, लगेच सांगते." सुई थांबली. "रवी, सांगून टाक की रे बाबा. चोरी केलीस का दरोडा घातलास?"

"लग्नानंतर सांगतो."

"लग्नानंतर ती तुला टमाटे आणायला धाडंल तवा तिचं तिलाच कळंल."

रविवारी सकाळी तो एसटीत बसला. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीतून तो बघत होता पण दिसत काही नव्हतं. मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होता, 'तुम्हाला एक सांगायचं राहिलं.' हे वाक्य त्याला बरोबर यायचं. त्याच्या पुढचं येत नव्हतं. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा तो खाली उतरला आणि गाडीला दोन वेढे घालून परत चढला. "काही हरवलं का?" कंडक्टरनं विचारलं. "नाही," तो म्हणाला. शिवांगीचा मेसेज आला, 'कुठपर्यंत आलात?' त्यानं 'लोहा' लिहिलं आणि अंजूअक्काला दुसरा मेसेज केला, 'तयार राहा.'

नांदेडात वजिराबादच्या मागच्या गल्लीत बजरंगचं गोदाम होतं. पत्र्याचं छप्पर, ओलं तरट अंथरलेली फरशी आणि भिंतीच्या कडेनं फुलांच्या बादल्यांची रांग. जरबेरा, कार्नेशन, शेवंती, निशिगंधाच्या काड्या, बारीक पांढऱ्या जिप्सोचे जुडगे. मोठा कूलर घरघरत होता. शिवकुमार रुमालानं मान पुसत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शिवांगी त्याला बघून पुढं आली. तिचा चेहरा इतका मोकळा होता की रविकिरणला तिच्याकडं नीट बघवेना.

"या जावईबापू," बजरंग म्हणाला. पंचेचाळिशीचा, हातांना फुलांच्या देठांचा चीक लागलेला. "ताई म्हणाल्या, तुमच्याशिवाय पान हलवायचं न्हाई."

सुरुवातीला सगळं सुरळीत झालं. बजरंगनं तीन जुड्या पुढं धरल्या. रविकिरणनं "बघू, उजेडात कसं दिसतंय," म्हणून फोटो काढला, बाजूला सरकून धाडला, उत्तर वाचलं आणि म्हणाला, "मधली." मग झालरीच्या कापडाचे दोन तुकडे आले. "डावीकडचा." बजरंगनं मान डोलावली. "लई चोखंदळ माणूस हाय. मी पण तेच सांगणार व्हतो." शिवांगीनं वडिलांकडं बघितलं, बघितलंत ना, अशा नजरेनं.

"तो कमानीचा फोटो तुमच्याकडं आहे का हो? मी पाठवलेला? माझ्या फोनमधून उडाला. भाऊंना दाखवते." आणि तिनं सहज त्याच्या हातातून फोन घेतला.

त्याच क्षणी फोन थरथरला. शिवांगीची नजर खाली गेली. ती वाचत असलेलं रविकिरणला उलट्या बाजूनंही कळलं. 'जिप्सो जास्त नको म्हण. पीच मरतंय त्यात. तिला म्हण, तुझ्या रंगाला पीचच शोभतंय.'

तिनं अंगठ्यानं वर सरकवलं. आणखी वर सरकवलं. महिनाभराचं सगळं तिथं होतं. अक्काचे शब्द, तेच जरा सरळ होऊन तिला आलेले.

तिनं फोन बंद केला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"भाऊ, तो पीच जरबेरा द्या एक," ती म्हणाली. आवाज एकदम कोरडा. तिनं ते फूल रविकिरणच्या हातात दिलं. "ह्याच रंगाचं दुसरं फूल ह्या बादल्यांतनं काढून आणा. तुमच्या मनानं."

रविकिरण बादल्यांच्या कडेनं चालत गेला. कूलरचं वारं पाठीवर येत होतं तरी सदरा घामानं चिकटला होता. एका बादलीपाशी तो थांबला. जरबेरा शेजारी धरून बघितला, वाकून बघितला, सरळ होऊन बघितला. तंतोतंत जुळत होतं. सुटलो, असं वाटून त्यानं ती शेवंती उपटली आणि आणून तिच्यापुढं धरली.

बजरंग मोठ्यानं हसला. "जावईबापू गंमत करून राहिलेत. ही हिरवी शेवंती हाय."

कुणीच हसलं नाही म्हणून बजरंगही थांबला. शिवकुमार खुर्चीत जरा पुढं सरकले. शिवांगीनं एका हातात जरबेरा घेतला, दुसऱ्या हातात शेवंती, आणि ती त्या दोन फुलांकडं बघत राहिली. मग तिनं रविकिरणच्या डोळ्यांकडं बघितलं.

"पप्पा, आलो आम्ही दोन मिनिटांत," ती म्हणाली आणि बाहेर गेली. रविकिरण मागोमाग गेला.

गोदामाच्या दारात एक टेम्पो उभा होता. त्याच्या सावलीत ती थांबली.

"किती दिवसांपासून?"

"जन्मापासून."

"तसं न्हाई. मला अक्काची उत्तरं देऊन राहिलात ते किती दिवसांपासून?"

"पहिल्यापासून."

"ती अबोली? मोतिया?"

"अक्का."

"म्हणजे महिनाभर मी तुमच्या बहिणीशीच बोलून राहिले म्हणा की." ती म्हणाली. "मला काय वाटलं माहीत हाय का? हा माणूस फुलांचंसुद्धा इतकं बारीक बघतोय, तर माझ्याकडं पण तसंच बघत असंल."

"बाकीचं मीच लिहिलं," तो म्हणाला.

"बाकीचं काय?"

"जेवलात का, लॅबमधनं आलात का... ते."

"ते तर समदेच लिहितेत." तिनं शेवंतीची एक पाकळी तोडली. "आमच्या लॅबमध्ये नळ्यांची टोपणं रंगावरनं ओळखतेत. कामावर घेताना डोळे तपासतेत सगळ्यांचे. मला हे नवं न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगायची भीती वाटली असती तर समजलं असतं. मला का सांगितलं न्हाई?"

तो टेम्पोच्या फळीवरचा चिखल नखानं खरवडत राहिला. तिनं पाकळी खाली टाकली.

"पुढच्या पोरांना येतं का?"

"मुलाला माझ्याकडनं येत नाही. मुलीला सगळं दिसतं, पण तिच्या मुलांना येऊ शकतं. निम्मी शक्यता."

"हे शोधून ठेवलंय."

"हाव. चार वर्षांपूर्वीच."

"तेवढं शोधायला वेळ व्हता," ती म्हणाली. "पप्पांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

आणि एसटीत चार तास जे पुढचं वाक्य जुळलं नव्हतं ते त्यानं आत जाऊन, बजरंगच्या देखत, शिवकुमारांसमोर उभं राहून सरळ सांगितलं. काका, मला लाल-हिरवा कळत नाही. उपचार नाही. आई-अप्पांनाही ठाऊक नाही. मी लपवलं.

शिवकुमारांनी रुमालाची घडी घातली. "गाडी चालवता?"

"हाव."

"सिग्नलला?"

"लाल वर असतो, हिरवा खाली. जागेवरनं कळतं."

"जागेवरनं," शिवकुमार म्हणाले. "आणि आमची पोरगी मागं बसणार." ते उठले. "बजरंग, फुलांचं राहू दे आज."

जाताना शिवांगीनं फोन परत दिला. फोनमध्ये अंजूअक्काचे अकरा मेसेज होते. शेवटचा होता, 'रवी, मेलास का?'

संध्याकाळी लातूरला पोचल्यावर त्यानं चपलासुद्धा न काढता आई-वडिलांना सांगून टाकलं. ईश्वरप्पांनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाले, "मजी ते रेल्वेचं..."

"हाव अप्पा. यादीत होतो मी. डोळ्यांत नापास झालो."

ईश्वरप्पांनी मान खाली घातली. पण आई, त्याची अव्वा गौरम्मा, तिच्या तोंडावर नुसतं नवल होतं. "ह्येच व्हय? आमच्या उदगीरच्या दादाला पण आसंच हाय की. हिरवे टमाटे लाल म्हणून आणतोय, म्हणून वैनी त्येला बाजारला धाडतच न्हाई. आमी समदे हसतो. त्यो बी हसतोय. ह्यात दडवायसारखं काय व्हतं रे?"

रविकिरण भिंतीला टेकून खाली बसला. लहानपणापासून जे त्यानं छातीशी धरून ठेवलं होतं त्यावर उदगीरला मामाच्या घरी लोक जेवताना हसत होते. त्याला कुणाचा राग आला तेही त्याला कळेना.

सोमवार गेला. मंगळवार गेला. नांदेडचा फोन नाही, मेसेज नाही. तो दर तासाला फोन बघायचा, मग बघायचा नाही असं ठरवायचा, मग ठरवलेलं मोडायचा. एका बॅचला त्यानं शिकवलेलाच धडा परत शिकवला. पोरं पंधरा मिनिटं गप्प बसली आणि मग एकजण म्हणाला, "सर, हे काल झालं." बुधवारी अंजूअक्का घरी येऊन रडली. म्हणाली, "माझ्यामुळं झालं. लई शब्द लिहिले मी." तो म्हणाला, "तुझे शब्द चांगले होते. मी माझे म्हणून खपवले, ते चुकलं."

गुरुवारी दुपारी मेसेज आला. दोन फोटो. तीच दोन स्टेज, पण रंग सगळे काढून टाकलेले, जुन्या अल्बमातल्यासारखी काळीपांढरी. खाली लिहिलं होतं, 'आता आपण दोघं सारखेच. सांगा.'

रविकिरणला जिन्यात उभ्या उभ्या हसू फुटलं. मग त्यानं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी धाडलं, 'मला काळंपांढरं दिसत नाही. तसं नसतं ते.'

लगेच फोन वाजला. "मग नेमकं दिसतं तरी काय तुम्हाला?" आवाजात अजून धार होती.

तो वर्ग सोडून गच्चीवर गेला आणि सांगत राहिला. हळद कशी दिसते. आभाळ कसं दिसतं. गुलाब काळपट दिसतो, पानांत शोधायला लागतो. साखरपुड्याची तिची साडी निळी होती.

"जांभळी व्हती."

"मला निळी दिसली. फार चांगली दिसली."

"गुलाब काळपट? अरेरे."

"अरेरे नका म्हणू. मला कधी काही कमी वाटलं नाही. लोकांपुढं नावं घ्यायला लागतात, तेवढंच अवघड जातं."

खाली चारची बॅच गलका करत होती.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "मला पीच पाहिजे. तुम्हाला कळत न्हाई म्हणून मी माझा रंग सोडणार न्हाई."

"सोडूच नका."

"आणि अक्कांना मधे घ्यायचं न्हाई. त्या चांगल्या हायत, पण मधे न्हाई."

"नाही घेत."

"आता तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. शोभंल ते नको. तुम्हाला काय बघायचंय?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता. "हार," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "पांढरा निशिगंध, पिवळी शेवंती. मधे कुठंतरी निळं. अव्वा लिंगपूजेला गोकर्णाची फुलं घेते, दारात वेल आहे. ते मला लांबून दिसतं."

"गोकर्ण हारात?" ती म्हणाली. "बजरंगभाऊ वेडे व्हतील." मग आवाज खाली आणून, "पप्पा अजून नीट बोलत न्हाईत माझ्याशी. परवा लातूरला येऊन राहिलेत. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

शनिवारी शिवकुमार गंजगोलाईतल्या दुकानात आले. ईश्वरप्पांनी खुर्ची पुसून दिली. ते बसले, पाणी प्यायले आणि बाजूला उभ्या रविकिरणकडं न बघता बोलायला लागले.

"मी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणतो, काही न्हाई, लई लोकांना असतंय. पण डॉक्टरला काय, त्याची पोरगी थोडीच द्यायची हाय. ईश्वरप्पा, तुम्हाला ठाऊक व्हतं का?"

"तुम्हाला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी आम्हाला," ईश्वरप्पा म्हणाले. "लिंगाची आण."

"मग आता त्यालाच विचारतो. अजून काय दडवलंय?"

रविकिरणनं रेल्वेचं सांगितलं. थोडा विचार करून तो म्हणाला, "आणि लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलो की चित्रकला आवडत नाही. ते खोटं आहे."

शिवकुमारांनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. एवढ्यात दुकानामागच्या घरातून गौरम्मा चहा घेऊन आली आणि तिनं कुणी न विचारता उदगीरच्या भावाची गोष्ट सुरू केली. टमाट्यांची, मग होळीत कुणी कोणता रंग लावला हे त्याला कळत नाही त्याची, मग त्यानं स्वतःच्या लग्नात वेगवेगळ्या रंगांचे मोजे घातले होते त्याची. शिवकुमारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला.

"डोळ्यांचं सोडा," ते रविकिरणला म्हणाले. "पण माझ्या पोरीशी परत दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"मग बजरंगला फोन लावतो."

लग्न वैशाखातल्या एका गुरुवारी नांदेडला झालं. स्टेजमागची भिंत पीच होती. आलेल्या बायका तिच्यापुढं उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या आणि रविकिरणला ती भिंत पिठाच्याच रंगाची दिसत होती. शिवांगी मात्र येता-जाता तिच्याकडं बघत होती, ते त्याला दिसत होतं. गौरम्मानं गोकर्णाची फुलं ओल्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात घालून लातूरहून आणली होती. निम्मी वाटेतच मिटली. "ही टिकायची न्हाईत, मी आधीच सांगितलं व्हतं," असं कुरकुरत बजरंगनं उरलेली आठ-नऊ हारांत खोवली. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा रविकिरणनं समोरच्या हारातलं निळं आधी बघितलं आणि मग वर बघितलं. अक्षता पडल्या. एक फूल गळून शिवांगीच्या पदरावर बसलं. तिनं ते झटकलं नाही.

जेवणाच्या पंगतीसाठी स्टेजवरून उतरायची वेळ आली. शिवकुमार गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी रविकिरणचा दंड घट्ट धरला.

"पायरी हाय," ते हळूच म्हणाले. "आणि पुढं अजून एक हाय. जपून."

दिसते हो मला, असं रविकिरणच्या ओठांवर आलं होतं. शिवांगी मागं पदर तोंडाला लावून हसत होती. त्यानं काही म्हटलं नाही, हात सोडवला नाही, आणि सासऱ्यांच्या आधारानं एकेक पायरी उतरून खाली आला.